मावशींच्या विहिरीमागचा डोंगर

आमच्या घरात पाण्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नाहीत. मी माणदेशातली, आमचे हे कोकणातले, संगमेश्वराकडचे. माझ्या माहेरी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, अंघोळीचं पाणी लिंबाच्या झाडाला आणि लिंबाच्या झाडाखाली सांडलेलं पाणी कोंबड्यांना. यांच्या गावी उलटा कारभार. पावसाळा आला की गडीमाणसांनी फावडं खांद्यावर टाकून घराभोवती चर मारायचे आणि पाणी घरात घुसायच्या आत वहाळात, म्हणजे ओढ्यात, काढून द्यायचं. "पाणी काढून दिलंस काय?" हा त्यांच्याकडचा आषाढातला रामराम.

लग्नानंतर विठ्ठलवाडीच्या चाळीत आलेले तेव्हा मी नळाला पाणी असेपर्यंत घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचे. हे म्हणायचे, "अगं, एक पातेलं तरी मोकळं ठेव, भात काय ओंजळीत शिजवणार?" मी म्हणायचे, "तुम्हाला काय कळणार, तुमच्याकडे देवाने नळ उघडा टाकलाय." अशी आमची आयुष्यभर चाललेली. मुलं मोठी झाली, आम्ही डोंबिवलीच्या पूर्वेला, शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो, तरी भांडण तेच. नवीन फ्लॅटमध्ये फक्त पिंप मोठं आलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. डोंगर म्हणायचा म्हणून, नाहीतर टेकाडच. पावसाळ्यात चार महिने हिरवागार, दिवाळीनंतर पिवळा, आणि होळीच्या सुमारास कोणीतरी गवताला काडी लावली की काळाकुट्ट. मग एप्रिल-मे महिन्यात तो दगड दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी सगळी धग आमच्या खिडकीत आणून ओतायचा. मी पोळ्या लाटताना त्या डोंगराला शिव्या घालत असे. मोठ्याने. शेजारीण विचारायची, "भाऊजींना बोलताय का?"

डोंगर आणि आमची कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये मावशींचं शेत. मावशी गावातल्या मूळच्या, आगरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय सत्तरीच्या आसपास, नऊवारीचा काष्टा आवळलेला आणि आवाज असा की कल्याणला बोलल्या तर ठाण्याला ऐकू जावा. पावसाळ्यात भात, मग वाल, आणि विहिरीला पाणी असेपर्यंत लाल माठ, मुळा, भेंडी. भाजी आमच्या गेटवर आणून विकायच्या. घासाघीस केली की म्हणायच्या, "नको घेवस, ती पिशवीतली बिस्किटं खा." मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली. एकमेकींना उलट बोलायला आम्हाला मुहूर्त लागत नसे.

एका थंडीत त्या गेटवर आल्या, पण टोपली रिकामी. वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या आणि गप्प. मावशी गप्प म्हणजे काहीतरी झालेलंच. मी चहा आणला. मग म्हणाल्या, "पोरी, विहीर आता शिमग्यापर्यंत पन नाय पुरत. पोरं म्हनतात, आये, सुकलेल्या विहिरीचं काय लोनचं घालतेस? भराव टाकू, गोदामाला देवू." त्यांचे दोन मुलगे कल्याणला फ्लॅटमध्ये राहायचे, नोकऱ्या करायचे, वाईट नव्हते. आईने या वयात उन्हात राबू नये एवढंच त्यांचं म्हणणं. पण मावशींचं त्या शेताबाहेर दुसरं काही नव्हतं. "मना फ्लॅटात नेऊन ठेवतील. मी काय करू तिकरं, टीवी पुसू?" त्यांनी मुलांकडून दोन पावसाळे मागून घेतलेले. दोन पावसाळ्यांनंतरच्या वैशाखात विहिरीत पाणी असलं तर शेत राहील, नसलं तर त्या स्वतः अंगठा देतील.

मी त्या दिवशी तोंड उघडून बसले. "मावशी, पाणी आणू आपण." कुठून आणणार होते, देवाला ठाऊक.

वर जाऊन तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं. तिथे राहणारी मुलगी आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या शेजाऱ्यांची. तिचे आजोबा रविवारी सकाळी चाळीतल्या सगळ्या पोरांना बुद्धवंदनेला बसवायचे, त्यात आमचीही दोन असायची. ही पोर पुढे माती आणि पाणी याच विषयात शिकली, नोकरीही त्यातलीच. तिने ऐकून घेतलं, मला गॅलरीत नेलं आणि डोंगर दाखवला.

"काकू, मावशींची विहीर तिथे आहे."

"अगं, मला दिसत नाही का? विहीर खाली आहे."

"विहिरीचं पाणी वर आहे. म्हणजे असायला हवं. पाऊस पडतो तो दोन तासांत घसरून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. डोंगराने तो धरून ठेवला तर सावकाश खाली झिरपेल."

मग ती रंगात आली. डोंगराला आडवे, एका पातळीत चर खणायचे. त्यात पाणी थांबेल, मुरेल. माती ओली राहिली की गवत टिकेल, झाडं उगवतील. ओली माती आणि झाडाची पानं दिवसभर वाफ सोडत राहतात, त्याने हवा गार होते. "माठ कसा पाझरतो आणि पाणी गार होतं, तसंच. आपण डोंगर जाळतो, जमिनीवर काँक्रीट टाकतो, पाणी गटारात घालतो, म्हणजे माठाला बाहेरून ऑइलपेंट मारल्यासारखं झालं. आणि मग म्हणतो, गरमी किती वाढली." मलंगगडापासून येऊरपर्यंतच्या सगळ्या डोंगरांनी आणि त्यांच्या पायथ्याच्या सगळ्या गच्च्यांनी पाणी धरलं तर इथलं हवामानच बदलेल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "बाई, एका टेकाडाने काय होणार?" ती म्हणाली, "काकू, सुरुवातीला एक विहीर तर भरेल."

मला ते पटलं. डोंगराला शिव्या घालण्यापेक्षा बरं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र जुंपली. आमच्या सगळ्या इमारतींच्या गच्च्यांचं पाणी पाइपातून गटारात जायचं. ते गाळून मावशींच्या विहिरीत सोडावं, असा त्या मुलीचा प्रस्ताव. एक गृहस्थ उठले, "आपलं पाणी आपण त्यांच्या विहिरीत का घालायचं?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आपलं? ढगांनी तुमच्या नावावर बुकिंग केलंय का? आजवर गटारात जात होतं तेव्हा कुठे कुणी हक्क सांगितला!" लोक हसले. हे माझा पदर ओढून खाली बसवत होते. पण शेवटी मंजूर झालं, आणि डोंगरावर चर मारायला कोण येणार म्हटल्यावर बरेच हात वर झाले. त्यात पहिला हात यांचा. गावी फावडं मारलेला माणूस फ्लॅटमध्ये किती दिवस पेपर वाचणार?

डोंगर गावच्या गुरचरणाचा. जाणत्या लोकांनी होकार दिला, वर "करा काय करायचं ते, एवढी वर्षं कुणी केलं नाय" असंही म्हणाले. रविवारी सकाळी कुदळ, फावडी, घमेली घेऊन आम्ही निघायचो. ती मुलगी बुद्धवंदना आटोपून यायची. गवंडी वापरतात तसली पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती पातळी काढायची आणि चुन्याने रेघ मारायची. त्या रेघेवर आम्ही खणायचं. नाश्त्याला कोणाकडून पोहे, कोणाकडून इडल्या. आयुष्यात इतकी भूक मला पूर्वी कधी लागली नव्हती.

दोन तट आपोआप पडले. उजवीकडे कोकणवाले, यांच्या हाताखाली. डावीकडे आम्ही घाटावरचे, म्हणजे सातारा, सांगली, नगर, बीड. इकडून तिकडे टोमणे चालायचे. "काय हो घाटी, हात चालवा की, तोंडच चालतंय!" "अहो कोकणे, चर खणताय की माडासाठी आळं?" आमचे हे तर शाळेतल्या पोरासारखे पेटलेले. गुडघा दुखतो म्हणून भाजी आणायला न जाणारा माणूस डोंगर चढत होता. मला काय, माझी भाजी मावशी आणून देत होत्या.

मे संपेपर्यंत डोंगरावर आडव्या रेघाच रेघा झाल्या. खालून बघितलं की छान वाटायचं. गच्च्यांचे पाइपही जोडून झालेले. मावशी खाली उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "डोंगराला काष्टा नेसवलाव क काय?"

जुलैत तीन दिवस धो धो पडला. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तशी मी खिडकीतून पाहिलं तर आमच्या, म्हणजे डाव्या बाजूला, डोंगरावर एक लाल ओरखडा. खालून मावशींचा आवाज येतच होता. धावत गेलो. घाटावरच्या मंडळींनी मारलेल्या चरांपैकी सगळ्यात वरचा फुटलेला, त्याच्या लोंढ्याने खालचे तीन फोडलेले, आणि सगळी माती-दगड मावशींच्या नुकत्याच लावलेल्या भातात. एक अख्खं खाचर चिखलाखाली गेलेलं.

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "पोरी, मी पानी मागितलं होतं. डोंगर नव्हता मागितला!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आम्ही दुष्काळी मंडळी. आमच्या हाताला एकच माहीत, पाण्याचा थेंब सोडायचा नाही. चर जेवढा खोल, बांध जेवढा उंच तेवढा चांगला. त्या मुलीने उरलेलं पाणी जायला मोकळी जागा ठेवा म्हणून सांगितलेलं, पण आमच्यातल्या कोणालाच धीर झाला नव्हता. पाणी जायला वाट ठेवायची? इतक्या कष्टाने अडवलेलं? आमच्याकडे असा पाऊस वर्षभरात पडत नाही, इथे तो एका रात्रीत पडला.

आमचे हे छाती काढून म्हणाले, "चला, आता आमची बाजू बघा. एक ढेकूळ हललं असेल तर सांगा." खरंच, त्यांचे सगळे चर जसेच्या तसे. रेखीव. आणि कोरडे ठणठणीत! त्या मुलीने वाकून पाहिलं. प्रत्येक चराच्या एका टोकाला, तळाशी, दगड लावून सुबक मोरी काढलेली. पाणी आलं आणि एका क्षणात निघून गेलं.

"काका, हे काय?"

"पाणी काढून द्यायला नको? तुंबेल ना!" यांना खरोखर प्रश्न पडलेला.

मी जी हसायला लागले ती थांबेचना. तीन दिवसांचा पाऊस या बाजूने खाडीत पोचवून, हे गडी मिशीला पीळ देत उभे. माझं बघून ती मुलगी हसली, मग बाकीचे, आणि शेवटी हेही. फक्त मावशी हसत नव्हत्या. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमी दोघा एका घरात ऱ्हाता ना? मग घरात बोलत नाय क?"

आधी मावशींचं खाचर मोकळं केलं. दोन्ही तटांनी मिळून गुडघाभर चिखलात दिवसभर माती उपसली. मावशींनी शेजारच्या शेतातून उरलेली रोपं मागून आणली आणि आम्हाला लावायला शिकवली. मी कोकणातल्या माणसाशी संसार केला, पण भात पहिल्यांदा लावला तो तिथे. कमर मोडली, पण मजा आली, खोटं कशाला बोलू. मग चर दुरुस्त करायला घेतले. या वेळी तट नाहीत. यांच्या लोकांनी तळाच्या मोऱ्या बुजवल्या. आमच्या लोकांनी बांध छाटले. आणि प्रत्येक चराला उताराकडच्या बांधात, काठाच्या जरा खाली, दगडांचा सांडवा केला. चर पोटभर प्यायला की उरलेलं सावकाश खालच्या चरात. दगड बसवावेत ते यांनीच. किती उंचीवर बसवायचे ते मात्र मी ठरवत होते. "अजून थोडं वर." "अगं फुटेल." "नाही फुटत." "बरं बाई." एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आम्ही दोघं पाण्याबद्दल एकाच बाजूला होतो.

पहिल्या वर्षी फार काही झालं नाही. निम्मा पाऊस तर आमच्या करामतींमध्येच वाहून गेलेला. विहीर होळीनंतर थोडे दिवस जास्त टिकली, मग तळ दिसला. मावशींचा मोठा मुलगा आला, विहिरीत डोकावला आणि पावलांनी शेताची लांबी मोजून परत गेला. मला ते मोजणं लागलं. रात्री हे म्हणाले, "अजून एक पावसाळा आहे." मी म्हटलं, "आणि नाही भरली तर? मी मावशींना शब्द दिलाय." हे उठून कुदळीचा दांडा बसवत राहिले.

त्या होळीला मात्र डोंगर जळला नाही. जाळणारे कोण ते मावशींना माहीत होतं. गावातलीच मंडळी, गवत जाळलं की नवं गवत चांगलं येतं या समजुतीची. मावशी संध्याकाळी पायथ्याशी खाट टाकून बसल्या. कोणी दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. कोणी काडी घेऊन वर जायला धजलं नाही. पुढच्या पावसात त्या न जळलेल्या गवताने माती घट्ट धरली. चरांच्या काठाने आपोआप करवंदं, पळस, कुडा उगवला. आम्ही लावलेली रोपं निम्मी मेली. जी कोणी लावली नव्हती ती मजेत वाढली. ती मुलगी म्हणाली, "काकू, त्यांना आपली गरज नाही, फक्त ओलाव्याची आहे."

दुसरा पावसाळा बेताचाच झाला. पण एकही चर फुटला नाही आणि एकही रिकामा राहिला नाही. ऑगस्टमध्ये वर गेलो तर प्रत्येक चरात आभाळ दिसत होतं. हे काठावर बसून बघत राहिले. म्हणाले, "गावी हे बघितलं असतं तर बाबांनी मला फावड्याने मारलं असतं."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. विहिरीत डोकावणं हा आमचा सगळ्यांचा छंद झाला. दूध आणायला जाताना डोकावायचं, येताना डोकावायचं. होळी गेली, पाडवा गेला. पाणी उतरत होतं, पण जिने उतरणाऱ्या म्हातारीसारखं, थांबत थांबत. संध्याकाळी माझ्या खिडकीतून येणारी धगही तशी राहिली नव्हती. गरमी गेली असं मी म्हणणार नाही, डोंबिवली आहे ही. पण दिवेलागणीला डोंगराकडून एक झुळूक यायची, तिला ओल्या गवताचा वास असायचा, आणि मी पोळ्या लाटताना गप्प असायचे. शेजारणीने विचारलं, "भाऊजी गावाला गेलेत का?"

वैशाखात एका दुपारी मी मावशींकडे भेंडी तोडत होते. गाडी थांबली. मोठा मुलगा उतरला, सोबत गोदामवाला, पांढरा शर्ट, घामाने डबडबलेला. मुलगा बऱ्याच महिन्यांत शेताकडे फिरकला नव्हता. लांबूनच हात करून सांगत होता, "ही विहीर बुजवली की सपाटच आहे सगळं." मावशी वाफ्यातून उठल्या नाहीत. "दाखव, दाखव," एवढंच म्हणाल्या.

तो काठाशी आला आणि वाकला. वाकलेलाच राहिला. गोदामवाल्यानेही मान पुढे केली. आत हिरवट पाणी होतं, आणि त्यात त्या दोघांचे चेहरे.

मावशींनी हात झटकले, आल्या, पोहरा सोडला, भरून ओढला, तांब्यात ओतला आणि तो पाहुण्यासमोर धरला. "पाव्हनं, उन्हाचं आलाव. पाय धुवा, भाकर खाऊन जा. जमीन काय मिलायची नाय."

तो माणूस गोंधळला. मुलाकडे पाहिलं. मग निमूट बूट काढले, पायांवर पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडून गेलं, "आई, काय गार आहे हो पाणी!" मावशींच्या ओसरीवर बसून त्याने तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, दुसरी भाकरी मागून घेतली. जमिनीचा विषय त्याने काढला नाही.

मुलगा मात्र विहिरीपाशीच उभा होता. आईने त्याला ना बोलावलं, ना ती रागावली. माझे डोळे भरून आलेले, मी भेंडीकडे बघत होते. थोड्या वेळाने त्याने बूट काढून बाजूला ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पोहरा विहिरीत सोडला आणि पाणी ओढून वाफ्यात घालायला लागला.